पाचवा चौक

आबा, आज सकाळी पालिकेची गाडी आमच्या गल्लीत आली. वर कर्णा, आत टेप लावलेली आणि ड्रायव्हर खुशाल तंबाखू मळत बसलेला. कुठल्याशा बाईचा गोड आवाज सांगत होता, की रस्त्यावरची दुकानं आठ दिवसांत हलवा. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला मात्र असा संताप आला की हातातली पितळी मी मोरीत भिरकावली. शेजारीण धावत आली. "मावशे, काय झालं गं?" काय सांगणार तिला, कप्पाळ? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझा राग अजून चुलीवरच आहे.

तुम्ही कर्ण्याशिवाय अख्खं गाव जागं करायचा. होतात म्युनिसिपालिटीचे शिपाई, पण गाव तुम्हाला दवंडीवाले आबा म्हणूनच ओळखायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हेडक्लार्क ठराव दोनदा वाचून दाखवायचा आणि तिसऱ्यांदा तुम्ही तो त्यालाच म्हणून दाखवायचा; एक शब्द इकडचा तिकडं नाही. माझे मालक वारले, सासरच्यांनी मला हाकललं, तेव्हा मी बाविशीत होते. तुम्ही एका शब्दानं काही विचारलं नाहीत. पितळी पारड्यांची तागडी आणून माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "बस रस्त्याव. पन मान वर करून बस. आन् मापात पाप केलंस तर माज्याशी गाठ हाय." मग मी रोज पहिल्या गाडीनं तळेगाव ढमढेऱ्याहून भाजी आणायची आणि मधल्या आळीत, चौकातल्या लिंबाखाली, इतर बायकांच्या ओळीत बसायची. तुम्ही दवंडी देत तिथून जाताना मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आमचं आबा हायती."

मग तो ठराव आला. आळीतून एस.टी. आणि ट्रक जाईनात, म्हणून भाजीवाल्या बायकांनी खाटीकखान्यामागं, नदीच्या उतारावर बसायचं. तिथं ना सावली, ना गिऱ्हाईक. दिवसाढवळ्या कुत्री आतडी ओढत फिरायची. हरकत असेल तर कळवा म्हणाले, म्हणून चौथी शिकलेली मी अर्ज लिहिला आणि बाकीच्यांनी अंगठे उठवले. सभेच्या दिवशी सगळ्याजणी दारात उभ्या राहिलो. मतांच्या वेळी दारोदार हात जोडत फिरलेले मेंबर आमच्याकडं न बघता हात वर करून मोकळे झाले. अर्ज कुणी वाचलासुद्धा नाही. वर एक जण जाता जाता म्हणाला, "बायकांनी घरी बसावं, म्हंजी जागंचा प्रश्नच न्हाई." त्या मेल्याचं तोंड मला अजून दिसतं.

दवंडीच्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपुढं बसून हलगी शेकत होता. मी भाकरी थापत होते आणि थापता थापता भांडत होते. "आबा, आजारी हाय म्हणून सांगा की. सोताच्या लेकीच्या पोटाव पाय द्यायला निघालात व्हय?" तुम्ही हलगीवर बोट वाजवून बघितलंत. "ठराव माजा हाय का? मी निस्तं त्येंचं त्वांड हाय." मी रडायला लागले. तेव्हा माझी समजूत काढायला म्हणून, की आपली बढाई म्हणून, कोण जाणे, तुम्ही म्हणालात, "पर एक सांगू पोरी? पाची चौकांत पुकारल्याबिगर ठराव लागू व्हत न्हाई. पाचव्या चौकात मी गप बसलो, तर समदी म्युनिसिपालिटी गप!" आणि खो खो हसलात. मी हसले नाही. तव्यावरची भाकरी करपली.

तुम्ही बाहेर पडलात तशी मी आडवाटेनं आळी गाठली. पाचवा चौक म्हणजे आमचाच, लिंबाचा. बायकांना गोळा करून मी सांगितलं, "इथं आबांना बोलू द्यायचं न्हाई. त्येंनी पुकारलं न्हाई तर ठराव लागत न्हाई." गराडा घालू, कल्ला करू, हलगी काढून घेऊ, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या कांदेवालीचा भाऊ हमाल होता. तो पाठीवरचं पोतं खाली टेकवून ऐकत होता. "बोलू द्यायचं न्हाई म्हंजी न्हाई," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं.

तुम्ही येता. अंगात धुतलेला खाकी कोट, डोक्याला फेटा. "ऐका हो ऐकाऽ! म्युनिसिपालिटीच्या हुकमावरनं..." तेवढ्यात पहिला दगड हलगीवर बसतो आणि कातडं फाटतं. आम्ही बायका पुढं होतो, पण मागून पुरुष घुसतात. नवरे, दीर, हमाल, आणि ज्यांचा भाजीशी काडीचा संबंध नाही असले टगेसुद्धा. एक जण तुमचा फेटा ओढतो, दुसरा त्यानंच तुमचा गळा आवळतो. तुम्ही पळत नाही, हात जोडत नाही. फेटा सैल झाला की पुढचा शब्द बोलता. पोटात लाथ बसते, तरी गुडघ्यावर उठून त्यापुढचा शब्द बोलता. मी किंचाळते, "आबा, गप बसा! गप बसा की वो!" आणि तुम्ही रक्त थुंकत "खाटीकखान्याच्या मागं" इथपर्यंत येता. तेव्हा कांदेवालीचा भाऊ तिच्या तागडीतलं अच्छेराचं लोखंडी वजन उचलतो आणि तुमच्या तोंडावर घालतो. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आबा. तुमचे दात माझ्या मेथीच्या जुड्यांवर पडले.

मग मी तुम्ही दिलेली तागडी उचलली आणि पारड्याची कड त्याच्या तोंडावर हाणली. भुवई फाटून रक्त त्याच्या डोळ्यात गेलं. मी पुन्हा हाणली. देवाशपथ, मी त्याला जीवानिशी मारला असता. तो डोळा धरून ओरडला, "अगं, तूच म्हनलीस न्हवं, बोलू द्यायचं न्हाई म्हनून!" तुम्ही माझ्या पायाशी पडला होता. डोळे उघडे होते. तुम्हाला ते ऐकू गेलं का, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरावाचा कागद कचेरीच्या भिंतीवर डकवला, आणि तेवढ्यानं तो लागू झाला. पाच चौकांचं काही नव्हतंच. कुणी तुम्हाला तसं सांगितलं होतं की तुम्हीच मनाशी धरलं होतं, देव जाणे. कांदेवालीचा भाऊ पळाला, तो परत दिसला नाही. हवालदार जबानी घ्यायला घरी आला. "चिथवलं कुनी, आबा? हातानं दावा." मी चुलीपाशी पेज ढवळत होते. पळी जागच्या जागी थांबली. तुम्ही डोळे मिटलेत आणि हात आडवा हलवलात. कुणी नाही.

मी तुम्हाला घेऊन दौंडला आले आणि स्टेशनाबाहेर भाजी मांडली. त्यानंतर सात वर्षं तुम्ही होता. जबडा वाकडाच सांधला, जीभ वळेना. नुसता घोगरा आवाज यायचा. मी पेज पाजायची, तोंड पुसायची. आजूबाजूचे म्हणायचे, लेक असावी तर अशी. मी ते ऐकून घ्यायची. कधी कधी तुम्ही माझं मनगट धरून काहीतरी म्हणू बघायचा, पहिलं अक्षर जुळवता जुळवता डोळ्यांत पाणी यायचं तुमच्या. मी म्हणायची, "राहू द्या आबा, दमाल," आणि चमचा तुमच्या तोंडात घालायची.

हा कागद मी पिठाच्या डब्यामागं ठेवणार आहे. तुम्ही असता तरी तो दिला नसता. तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला असता, आणि तेवढी माझी छाती नाही. तुम्ही दमाल म्हणून मी चमचा घालत नव्हते, आबा. तुमची वाचा गेली, याचं मला बरं वाटायचं.