एकसष्ट हेझलरॉइड

थॉर्नडेन, यॉर्कशायर
१२ ऑक्टोबर १९८६

ती. हेटीताईस,
विल्फचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मोरकॅमची समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवतेय हे वाचून बरं वाटलं. वॉल्टरभावजी गेल्यावर तू तिथे एकटी कशी राहशील याची मला धास्ती होती. आता तुला पत्ते खेळायला चौघीजणी मिळाल्यात म्हणतेस, तेव्हा काळजी वाटते ती त्या चौघींची.

इकडे थंडी लवकर आली. आपल्या चॅपेलमध्ये आता गालिच्यांचं दुकान निघालंय. बाबा जिथे उभे राहून प्रार्थना सांगायचे तिथे आता एक तरुण पोरगी चहा पीत बसते. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या मात्र दुकानदाराने काढलेल्या नाहीत. चौदा हेझलरॉइड अजून तसेच ओळीने लागलेले आहेत. मी परवा गालिचा बघायचं निमित्त करून जाऊन आलो. बाबांच्या पाटीला रुमालाने पुसलं, तर पोरीने विचारलं की आजोबा, काही हवंय का.

नकाशाचं काम पुरं होत आलंय. हॅलिफॅक्सच्या ग्रंथालयात देशभरच्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आहेत, त्या सगळ्या मी दोन वर्षांत पालथ्या घातल्या. अख्ख्या देशात आपल्या आडनावाचे एकसष्ट लोक निघाले. प्रत्येकाला मी पत्र लिहिलं आणि प्रत्येकासाठी नकाशात एक लाल टाचणी टोचली. अडतीस तर आपल्या दरीपासून वीस मैलांच्या आतच आहेत. नऊ डोंगरापलीकडे लँकेशायरला, सुताच्या गिरण्यांमागे गेलेले. बाकीचे थोडे इकडे तिकडे. डॉर्सेटला एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला आपल्या घराण्याचं राजचिन्ह हवंय. मी कळवलं की आपण मेंढ्या राखायचो, चिन्ह असलंच तर मेंढीच्या पाठीवर डांबराने काढलेलं असेल. त्याचं उत्तर आलेलं नाही.

मी कोणाला शोधतोय ते तुला माहीतच आहे. आपला थोरला क्लिफर्ड आता चौऱ्याहत्तर वर्षांचा असेल. आपण तिघांनी एकदा एका टेबलाशी बसून जेवावं एवढंच माझ्या मनात आहे. माझे कान मागांच्या खडखडाटाने गेले नसते तर मी या एकसष्टांना फोनच केले असते.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
विल्फ

*

मोरकॅम
२० ऑक्टोबर १९८६

चि. विल्फ यास,
हेटीचे अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. सहासष्ट वर्षांचा बाप्या या थंडीत बसने हॅलिफॅक्सला जातो आणि भिंगातून अनोळखी लोकांची नावं वाचत बसतो. लग्न केलं असतंस तर बायकोने ती टाचण्यांची डबी केव्हाच चुलीत घातली असती. माझ्या शेजारणीला, मिसेस पिकल्सला, मी हे सांगितलं. ती म्हणाली, भावाला जरा बागकामाला लाव.

क्लिफर्डचं म्हणशील तर पन्नास वर्षं झाली. ज्याला यायचं असतं तो येतो. बाबांनी घरातल्या सगळ्यांची नावं लिहिलेल्या बायबलच्या पहिल्या पानावरून त्याचं नाव चाकूने खरवडलं, तेव्हा पलीकडच्या पानालाही भोक पडलं होतं. अशा घराकडे कोण परत बघेल? रविवारी दारूच्या गुत्त्याच्या अंगणात तुतारीसारखा तो कॉर्नेट वाजवला, एवढाच त्याचा गुन्हा. बाबा म्हणाले, दोनशे वर्षं चॅपेलच्या भिंतीवर असलेल्या नावाला तू काळं फासलंस. त्यावर तो जे बोलला ते तूही ऐकलंस. झालं ते झालं, आता ते उकरू नकोस.

लोकरीचे मोजे पाठवतेय, ते घाल. कपाटात ठेवून देऊ नकोस. तुझ्यावर जीव आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
हेटी

*

थॉर्नडेन
९ नोव्हेंबर १९८६

ती. हेटीताईस शि. सा. न. वि. वि.

मोजे घातलेत. बागकामही केलं, मिसेस पिकल्सना कळव.

आधी एक गंमत. आपलं आडनाव आलं कुठून ते सापडलं. जुन्या जमीनदारी कचेरीचं दफ्तर आहे, साडेसहाशे वर्षांपूर्वीचं. त्यात 'हेझलरॉइडचा अ‍ॅडम' म्हणून एकाला दंड झालाय, दुसऱ्याच्या कुरणात गाय चारली म्हणून. ओढ्यावरची ती हेझलची झाडं तोडून कुणीतरी मोकळी केलेली जागा, तीच हेझलरॉइड. पण मजा अशी की अ‍ॅडमला दंड झाला तो तिथे नव्हे, चार मैलांवरच्या गावात. हेझलरॉइडला राहत होता तोवर त्याला हेझलरॉइडचा कोण म्हणणार? तिथून उठून दुसरीकडे गेला तेव्हा लोकांनी ते नाव लावलं.

आपल्याकडे तरी आडनावाने कोणी कोणाला कधी हाक मारली? अर्धं गाव हेझलरॉइड. मला गिरणीतही टेकडीवरच्या आपल्या घराच्या नावावरून लार्कशॉच्या सॅमचा विल्फ म्हणायचे, आणि पगाराच्या पाकिटावर हेझलरॉइड पाहून नव्या कारकुनाने मला पाकीट द्यायलाच नकार दिला होता. आडनाव फक्त चॅपेलच्या भिंतीला आणि थडग्याला.

आता दुसरी गोष्ट, ती गंमत नाही. एकसष्ट जणांची उत्तरं आली. क्लिफर्ड त्यांत नाही, त्याला ओळखणाराही कोणी नाही. म्हणून मी युद्धात गेलेल्यांच्या याद्या मागवल्या. नौदलाच्या यादीत 'सी. हेझलरॉइड, १९४२' आहे. जहाज बुडालं, माणूस सापडला नाही. ताई, मी ते पान बघून ग्रंथालयात रडलो. तिथल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

मी पाथरवटाशी बोललोय. आईबाबांच्या दगडावर खाली जागा आहे. तिथे क्लिफर्डचं नाव आणि १९४२ घालायचं. नाताळाआधी काम होईल. तुझी हरकत नसेलच, पण थोरली म्हणून विचारतो.

आहे तशी आठवण ठेव.

विल्फ

*

मोरकॅम
१७ नोव्हेंबर १९८६

चि. विल्फ यास अ. आ.

दगडाला हात लावू नकोस. पाथरवटाला आजच्या आज थांबव. तो 'सी' आपला क्लिफर्ड नाही.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता लिहितेच. क्लिफर्ड गेला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याचं पत्र आलं होतं. माझ्या नावावर. शिक्का ग्रिम्सबीचा होता. मासेमारीच्या गोदीवर काम मिळालं, असं त्याने लिहिलं होतं. आणि बाबांचं नाव बाबांनाच लखलाभ होवो, मी ते टाकून दिलं, असंही लिहिलं होतं. नवं नाव कोणतं ते लिहिलं नव्हतं. पत्ता होता.

मी ते पत्र आठ दिवस पोलक्याच्या आत ठेवलं आणि मग चुलीत टाकलं. बाबांनी सांगितलं नव्हतं, त्यांना ते कळलंही नाही. माझं वॉल्टरशी ठरलं होतं, आणि त्याचे वडील बाबांबरोबर चॅपेलचे विश्वस्त. क्लिफर्डशी पत्रव्यवहार आहे हे त्या घरात कळलं तर लग्न मोडेल असं मला वाटलं. मी तेवीस वर्षांची होते. ही सबब नाही, नुसतं वय सांगतेय.

तू एकसष्ट पत्रं लिहिलीस, आणि ज्याला शोधतोयस तो त्या आडनावात नाहीच हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. दर पत्रात तुझी थट्टा केली, ती तू थकून थांबावंस म्हणून. लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

हेटी

*

थॉर्नडेन
११ जानेवारी १९८७

ती. हेटीताईस सा. न. वि. वि.

नाताळाला कार्ड पाठवलं नाही. लिहिलं होतं तीनदा, पण पाठवलं नाही. तुझा पुडिंगचा डबा आला तो तसाच न उघडता फळीवर ठेवला. काल उघडला. वाळलं होतं, तरी खाल्लं.

मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. आईने शेवटची चार वर्षं दर सकाळी पोस्टमन येऊन जाईपर्यंत खिडकी सोडली नाही. तिची चादर तूच सारखी करायचीस. हे एवढं लिहून मी तो विषय बंद करतो.

दगड तसाच आहे. तो 'सी' म्हणजे बर्नलीचा कोणी सेसिल निघाला, त्याच्या पुतण्याने कळवलं.

आता ऐक. ग्रिम्सबीची डिरेक्टरी मी मागेच पाहिली होती, पण फक्त आपल्या आडनावाचं पान. त्याने दुसरं कोणतं नाव घेतलं असेल याचा आठवडाभर विचार केला. आईचं माहेरचं पाहिलं, नाही. मग दाढी करताना तो अ‍ॅडम आठवला. परक्या गोदीवर डोंगरातला पोरगा आला, तर लोक काय विचारतील? कुठला रे तू, हेच. आणि आपल्यातला कोणीही त्याला एकच उत्तर देईल, जन्मल्या घराचं. मी तसाच अर्धी दाढी ठेवून बस पकडली.

ग्रिम्सबीत लार्कशॉ आडनावाचे तिघे आहेत, ताई. उरलेल्या डिरेक्टऱ्या संध्याकाळपर्यंत चाळल्या. अख्ख्या देशात तिघेच, तिघेही ग्रिम्सबीत. सी. नाही. एम., डी. आणि पी.

आपल्या घराचं छप्पर पडून वीस वर्षं झाली, आत मेंढ्या बसतात, आणि तिकडे त्याच्या नावाची माणसं आहेत. मी 'एम.'ला लिहिलंय. उत्तर आलं की कळवीन.

विल्फ

*

ग्रिम्सबी
२ फेब्रुवारी १९८७

श्री. विल्फ्रेड हेझलरॉइड यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मला पत्रं लिहायची सवय नाही, बायको ब्रेंडा शेजारी बसली आहे म्हणून लिहितोय.

क्लिफर्ड लार्कशॉ माझे वडील. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेले, छातीच्या दुखण्याने. गोदीवर चाळीस वर्षं काढली. आमच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. त्यांना भाऊ-बहीण आहेत हे मला तुमच्या पत्राने कळलं. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.

लहानपणी मी विचारायचो की आपलं आडनाव दुसऱ्या कोणाचं का नाही. ते म्हणायचे, ही एक टेकडी आहे, तिथे पक्षी दिसायच्या आधी ऐकू येतो. कुठे आहे ते सांगायचे नाहीत. आम्ही सुट्टीला जिथे जाऊ तिथे मी टेलिफोनच्या खोलीत जाऊन आमचं नाव शोधायचो. स्कारबरोला शोधलं, टॉर्कीला शोधलं, बायको बाहेर पोरं घेऊन ताटकळत उभी. कधीच कोणी सापडलं नाही. मला वाटायला लागलं की म्हाताऱ्याने ते नाव मनाने रचलं. आम्ही आता अकरा जण आहोत, धाकटी नात धरून.

तुमच्या बहिणीने पत्र जाळलं हे तुम्ही लपवलं नाहीत, हे मला आवडलं. आईने एकदा सांगितलं होतं, लग्नाआधी हा माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत गोदीवरून धावत खोलीवर जायचा, पत्र आलं का बघायला. नाताळापर्यंत गेला, मग बंद केलं. तेव्हा माझ्या वडिलांच्या वतीने मी कोणाला माफ वगैरे करू शकत नाही. तो माझा अधिकार नाही.

पण एक विचारायचं आहे. दर वसंतात ते रेल्वेच्या बांधावरून पानं खुडून आणायचे आणि चुलत्यांसारखी ओळखीची असावीत तशी एकेक निवडायचे. त्यात ओटचं पीठ, कांदा घालून काहीतरी हिरवंगार शिजवायचे आणि डुकराच्या चरबीत परतायचे. आम्ही सगळे नाक दाबायचो. आता ते गेले आणि एकालाही ते करता येत नाही. त्याचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही. तुम्हाला किंवा तुमच्या बहिणीला येत असेल तर कळवा.

ओळख झालीच आहे, ती पुढे वाढो.

आपला,
मॉरिस लार्कशॉ

*

मोरकॅम
१० फेब्रुवारी १९८७

चि. मॉरिस यास,
हेटीआत्याचे अ. आ.

तुझं पत्र विल्फने मला पाठवलं. सोबत एक ओळ लिहिली, की आता उत्तर तू द्यायचंस. त्याचं बरोबर आहे.

त्याला आम्ही डॉक पुडिंग म्हणतो. डॉक नावाच्या रानभाजीची ती पानं एप्रिलात येतात. कोवळीच घ्यायची, देठ काढायचे, दोन मुठी अंगाला चटका देणारी नेटलची पानं घालायची, तीही कोवळी. पण कागदावर सांगून ते जमणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी सगळे अकरा थॉर्नडेनला या, विल्फच्या घरी. मी आदल्या दिवशी येऊन पानं खुडून ठेवीन. टेकडी विल्फ दाखवेल. छप्पर नाही, पण उंबरा आहे, आणि त्या दिवसांत पक्षी सकाळपासून ओरडत असतात.

माफी मी तुझ्याकडे मागत नाही. तू लिहिलंस ते वाचून मी दिवसभर खुर्चीतून उठले नाही. धावत जायचा, हे मला माहीत नव्हतं.

ते पत्र मी जाळलं तरी मला शब्दन् शब्द पाठ आहे. आठ दिवस दुसरं काही वाचलंच नव्हतं. विल्फला मी त्यातलं थोडंच सांगितलं. शेवटचं सांगितलं नाही, ते मला त्याच्यासमोर लिहवलं नाही. ते तुझ्या वडिलांचं आहे, म्हणून तुला देते. काम मिळालं, खोली कोरडी आहे, मी नीट जेवतो, असं लिहून खाली त्याने लिहिलं होतं:

"हेटी, बाबांचं मला काही नाही. पण आई माझ्यावर रागावली नाही ना, एवढं एका ओळीत कळव. ओळ आली नाही तर मी समजून जाईन."

तो काय समजून गेला असेल हे मी पन्नास वर्षं रोज समजून घेतेय. तो तर आता नाही. तू त्याचा थोरला, तेव्हा ती ओळ तुझ्या पत्त्यावर पाठवते.

आई रागावली नव्हती.

हेटी