सात पूल आणि एक सासूबाई

सेंदाई, २ फेब्रुवारी १९८७

ती. फुमियोताईस,
कुनिहिकोचा शि. सा. न. वि. वि.

खेळ झाला एकदाचा! सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जणांनी चौदा महिने घासलेला ‘सात पूल’ सोबतच्या कार्ट्रिजमध्ये आहे. तेलाचा डबा घेतलेला एक म्हातारा सात पूल ओलांडून दीपगृहापर्यंत जातो, एवढीच गोष्ट. तुझ्या लॉजवर पाहुण्यांच्या मुलांसाठी टीव्हीला जोडलेलं खेळाचं मशीन आहेच, त्यावर लाव आणि कसा वाटला ते कळव.

ओसाकाची जी कंपनी हा खेळ विकणार आहे, तिची एक अट आहे. कुणाही साध्या माणसाला खेळ शेवटपर्यंत खेळता आला पाहिजे. नाही आला, तर खेळ त्यांचा, आम्ही पाचही जण त्यांचे नोकर आणि ‘त्सुकुशी’ हे आमच्या स्टुडिओचं नाव कायमचं बंद. मुदत ३१ मार्च. मला काळजी नाही, खेळ अगदी सोपा आहे.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझा कुनिहिको

यामागाता, ९ फेब्रुवारी

चि. कुनिहिकोस,
ताईचे अ. उ. आ.

सोबत मुळ्याचं लोणचं पाठवते आहे. पाच जणांत वाट, एकटा फस्त करू नकोस.

आता खेळाचं. मी मेले. आमचा आचारी मेला. टपालवाले ओनोदेरा टोपी काढून बसले आणि चहा यायच्या आत मेले. सगळे पहिल्याच पुलावर, अंगावर झडप घालणाऱ्या त्या मेल्या कावळ्यांपायी. सासूबाई, वय वर्षं शहात्तर, परवापासून कोतात्सूच्या मेजाखालच्या शेगडीच्या उबेत पाय घालून जागच्या हललेल्या नाहीत, आणि म्हातारा अजून पुलाच्या अलीकडेच आहे. त्या विचारतायत, दुसरा पूल खरंच आहे की नुसतं नाव?

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

सेंदाई, १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लोक नीट खेळत नाही, दुसरं काय! आमचा प्रोग्रॅम लिहिणारी मिनेगिशी एका हाताने नूडल्स खात सातही पूल ओलांडते. मी टीव्हीकडे पाठ करून नुसत्या आवाजावर तिसऱ्या पुलापर्यंत जातो. यापेक्षा सोपा केला तर लोक हसतील आम्हाला. सासूबाईंचं आता वय झालं, हे मी आदरानेच म्हणतोय.

राग मानू नकोस, मानलास तरी लोणचं पाठवत राहा.
तुझा कुनिहिको

यामागाता, १८ फेब्रुवारी

चि. कुनिहिकोस,
अ. उ. आ. (तुझी लायकी नसताना)

तुझं शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. आदर पोचला. इथे आल्यावर आंघोळीनंतर तुला जी बीअर मिळायची, ती त्यांनी बंद केली आहे.

अरे शहाण्या, चौदा महिने रोज तोच पूल ओलांडल्यावर डोळे मिटूनही ओलांडशील! आमचा जिना मी अंधारात धावत चढते, पण पाहुणे पहिल्याच पायरीला ठेचकाळतात. म्हणून मी दिवा लावते, पाहुण्यांना नावं ठेवत नाही. रविवारी मुकाट्याने इकडे ये. सासूबाईंच्या मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. नाही आलास तर एप्रिलमध्ये ओसाकाहून रडगाणं लिहू नकोस, मी वाचणार नाही.

तुझी काळजी वाटते म्हणून बोलते.
ताई

सेंदाई, २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्रेपन्न. त्रेपन्न वेळा सासूबाई मेल्या आणि मी गप्प बसलो. इतकं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं. मध्येच माझा हात पुढे गेला, तेव्हा त्यांनी मागे न बघता त्याच्यावर चापट मारली, ती तू पाहिलीसच.

परतताना गाडीत मला मनापासून लाज वाटली. आम्ही हा खेळ एकमेकांना हरवण्यासाठी केला होता गं. खेळणारं माणूस कोण, हे कुणी विचारलंच नाही. मिनेगिशीला सांगितलं तर ती दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच कावळे अर्धे केले. नवं कार्ट्रिज पुढच्या आठवड्यात पाठवतो. सासूबाई पोचल्या तरच ‘त्सुकुशी’ वाचली, असं आम्ही ठरवून टाकलंय.

बीअरचं त्यांच्यापाशी हळूच काढून बघ.
तुझा कुनिहिको

यामागाता, २३ मार्च

चि. कुनिहिकोस,
अ. उ. आ.

सासूबाई पोचल्या! काल दुपारी चार वाजता सातवा पूल ओलांडला. ओनोदेरांचं टपाल तसंच राहिलं, आचाऱ्याचा भात लागला, आणि मी चक्क रडले.

पण सासूबाई खूश नाहीत. दीपगृहाशी गेल्यावर पडदा काळा होतो आणि ‘समाप्त’ एवढंच येतं. अजून काही येईल म्हणून त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढ्या लांबून तो तेल घेऊन आला, आणि घरात कुणीच नाही?” याचं उत्तर तूच द्यायचं, म्हणून तुला लिहिते आहे.

कळावे, आणि लवकर कळवावे.
ताई

सेंदाई, ६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंचं वाक्य मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवट आला की आम्ही लगेच बटण दाबून पुन्हा पहिल्या पुलावर जायचो. तिथे थांबून कुणाची वाट बघावी, हे कधी मनातच आलं नाही.

अडचण अशी की कार्ट्रिजमध्ये तसूभर जागा उरली नव्हती. एक माणूस घालायचं तर दुसरं काहीतरी काढायला हवं. आम्ही सगळं उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी मिनेगिशी म्हणाली, सुरुवातीला ‘त्सुकुशी’ असं मोठ्या अक्षरांत येतं, तेवढ्या जागेत माणूस मावेल. मी साफ नाही म्हणालो. याच नावासाठी दोन महिने जीव टांगणीला लागला होता आमचा! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ते पुसलं.

३१ तारखेला खेळ ओसाकाला पोचवला, आणि काल तिथून फोन आला. त्यांच्या कचेरीत चहा देणाऱ्या बाईंनी खेळ पुरा केला. करार झाला, आम्ही आमचेच राहिलो. खेळ आता दुकानादुकानांत जाईल, पण आमचं नाव त्यात कुठेच दिसणार नाही.

सासूबाईंना म्हणावं, पुन्हा एकदा सातवा पूल ओलांडा. आता दार उघडतं. एक बाई बाहेर येते, म्हाताऱ्याच्या हातातला डबा घेते आणि त्याला आत नेते.

तुझा कुनिहिको