वीत्सेकडे जायची वाट

फ्रानेकर, ३ एप्रिल

चि. सिब्रेन यास, अ. आ.

तुझ्या बेटावरचा क्रॅनबेरीचा मुरंबा पोचला. साखर फार, पण भावाने केलाय म्हणून खाते.

डावा पाय कापल्यापासून मी चाकाच्या खुर्चीत, आणि स्मृतिभ्रंश झालेला तुझा दाजी वीत्से पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात. दर रविवारी गाडी मला त्याच्याकडे नेते आणि तासाभरात उचलून आणते. मला मनात येईल तेव्हा जायचंय रे.

म्हणून इम्के नावाची मुलगी मला खुर्ची चालवायला शिकवायला घरी येते. अंग मागे टेकून चाकांना पुढे झटका दिला, की समोरची छोटी चाकं उचलली जातात. तेवढ्यात ती उंबरठ्यापलीकडे टाकायची. इम्के मागे पट्टा धरून असते. काल मागची चाकं अडली, आणि मी दारातच रडू लागले. ती म्हणाली, रडा आजी, पण आधी ब्रेक लावा.

आठवण असू दे.
तुझी हिस्केताई

टेर्शेलिंग, १० एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

लहानपणी सायकल शिकवते म्हणून तू मला कालव्यात पाडलंस. इम्के तुझ्यापेक्षा बरी मास्तरीण दिसते.

एक विचारू? मागच्या खेपेला दाजींनी मला नावाडी समजून भाडं विचारलं. तू जिवाचा आटापिटा करून जाशील आणि ते तोंड फिरवतील, याची मला धास्ती वाटते. जपून.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझा सिब्रेन

फ्रानेकर, १९ मे

चि. सिब्रेन, अ. आ.

गेले एकदाची. पुलाच्या चढावर पुढे वाकून रेटत, उतारावर तळव्यांनी चाकं आवरत. इम्के मागून गुपचूप चालत होती.

वीत्सेने मला ओळखलं नाही. दमलात बाई, म्हणाला, कुठून आलात? मी आपली गल्ली सांगितली. त्याचा चेहरा उजळला. माझी बायको तिथेच राहते, म्हणाला. कॉफी फार कडक करते, भांडतेही, पण ती घरात असली की बरं वाटतं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. इतकं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

निघताना म्हणाला, तिला निरोप द्याल? मी येतोय, दार लावू नको म्हणावं.

सांगते, म्हटलं.

उद्या पुन्हा जाणार आहे. इथे संध्याकाळपासून गार वारा सुटलाय. दार मी अजून लावलेलं नाही.

लिहीत जा, बरं वाटतं.
तुझी हिस्केताई