दादा फिरायला उतरेल यावर लावलेली पैज

दादा,

आज संध्याकाळी तू माझ्याबरोबर फिरायला उतरशील, अशी मी खालच्या शिंप्याशी पैज लावली होती. हरलो तर झालरीचा फ्रॉक घालून अख्ख्या बिल्डिंगसमोर अंगणात फेऱ्या मारायच्या. त्याने माझ्या मापाचा फ्रॉक आधीच शिवून ठेवला. केवढा विश्वास माणसाचा तुझ्यावर.

दार वाजवून हात दुखले, म्हणून ही चिठ्ठी फटीतून सरकवतोय. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवलंस तर ऐकणार कोण, ड्रॉवर?

आईचा विसरायचा आजार तुझ्या रक्तात आहे, असं रिपोर्टमध्ये आलं आणि तू खोली धरलीस. डॉक्टरीणबाईंचं पुढचं ऐकलंच नाहीस. रोज चाला, बीपीची गोळी घ्या, सिगरेट सोडा, मशीन लावा, माणसांत बसा. धोका जाणार नाही, पण कमी होईल, म्हणाल्या. तू सिगरेट ठेवलीस आणि माणसं सोडलीस.

जेवण झाकून ठेवलंय. दुपारी मी तुझ्या खुर्चीशी गप्पा मारत जेवलो. ती मध्ये तोंड घालत नाही, पण हसतही नाही.

आईने मला ओळखायचं सोडलं, तेव्हा घरात तू होतास. तूही विसरलास तर मला गाढव म्हणणारं कोण उरेल?

शिंपी खालून हाका मारतोय. फ्रॉक घातलाय, पाठीमागची बटणं एकट्याला लागली नाहीत. पहिली फेरी तशीच मारतो. तुझे बूट दाराबाहेर काढून ठेवलेत.

– गाढव