पडद्यामागचा ट्युबा

दि. २
ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अठराला ऑडिशन, परीक्षकांना उमेदवार दिसू नये म्हणून पडद्यामागून. तुम्ही निवृत्त झाल्यावर ऑर्केस्ट्रात रिकामी झालेली तुमचीच जागा. उमेदवार एकतीस. तुमचा जुना ट्युबा, ते फुंकून वाजवायचं पितळी धूड, माझ्याकडे आहेच, आणि दुकानदाराने एक नवाही वीस दिवसांच्या बोलीवर दिलाय. नव्याच्या आवाजाने खोलीतल्या खिडकीच्या काचा थरथरतात, तुमचा पेंगुळल्यासारखा वाटतो. आई म्हणते, मामाचाच ने, नाहीतर तो वर्षभर फुरंगटून बसेल. माझी झोप उडालीय. कोणता नेऊ? लोभ आहेच, तो या प्रश्नाने आटू नये.
तुमची भाची,
मुंगी

दि. ५
चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

खोलीत काय, बादलीसुद्धा दणाणते. दोन्ही ट्युबा घेऊन सभागृहात जा. दुसऱ्या कुणाला वाजवायला लाव आणि तू शेवटच्या रांगेत पाठ फिरवून बस. जो तिथवर पोचेल तो तुझा. फुरंगटण्याचं माझं मी बघेन, असं तुझ्या आईला सांग.
मामा

दि. ९
ती. मामांस सा. न.

वाजवायला कोणी मिळेना. शेवटी त्याच जागेवर डोळा असलेल्या एका उमेदवाराला गळ घातली. आता माझी सगळी गुपितं त्याला ठाऊक. नवा दहाव्या रांगेतच दमला. तुमचा शेवटपर्यंत आला, मऊ आणि भरदार. वाजवत होता तो, पण मला तुम्हीच ऐकू आलात. पाठमोरी बसून रडले. ठरलं, तुमचाच नेते.
मुंगी

दि. १२
चि. मुंगीस आशीर्वाद.

माझा ट्युबा आत्ताच्या आत्ता पेटीत बंद कर. चूक माझी, हे आधी सुचायला हवं होतं. पडदा उमेदवाराचा चेहरा लपवतो, आवाज नाही. पाच परीक्षकांपैकी तिघांच्या शेजारी मी बावीस वर्षं बसलोय. पाठ फिरवून तू मला ओळखलंस, मग ते नाही ओळखणार? एकाचा माझ्यावर जीव आहे, एकाशी शेवटच्या वर्षी अबोला होता. जागा मिळाली तरी माझ्यामुळे, गेली तरी माझ्यामुळे. मला ते सोसवणार नाही. नवा दहाव्या रांगेत दमतो, तर त्याला पुढे ढकल. पाच-सहा दिवस आहेत. रागाव, पण ऐक.
मामा

दि. १९
ती. मामांस सा. न. वि. वि.

दोन दिवस खरंच रागावले होते. मग नव्याशी झटले, ओठ सुजेपर्यंत. काल पडद्यामागे बसून वाजवलं. शेवटचा खालचा स्वर पोचला की नाही, कळलंच नाही.

जागा मिळाली, मामा.

पडदा बाजूला झाल्यावर, ज्यांच्याशी तुमचा अबोला आहे ते जवळ आले. म्हणाले, तुमची भाची ऑडिशनला आहे असं कानावर आलं होतं, म्हणून ते प्रत्येकाच्या पहिल्या स्वरात तुमचा ट्युबा शोधत होते. वाजला की नापास करायचं, हे ठरवून. एकतीस जणांत कुठेच सापडला नाही. मान खाली घालून सांगितलं, आणि तुमचा पत्ता मागितला. मी दिलाय. दार उघडा.

नवा ट्युबा दुकानात परत केला. उद्या पहिली तालीम. तिथे पडदा नसतो, म्हणून तुमचाच नेतेय.

लोभ असाच राहू द्या.
तुमची,
मुंगी