दोनदा वाकलेला चिमटा

रविवार, १७ तारीख
सकाळ

ती. दादा,

नमस्कार. तू थोरला आहेस म्हणून लिहिते आहे, त्यात आणखी काही शोधत बसू नकोस. यापुढे इकडचे सगळे खुशाल आहेत असं लिहायचं असतं. बाबांच्या उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही, जवळचं अक्षर दिसत नाही, आणि माझं शिवणकाम जसं चालायचं तसं चालतं. झाली खुशाली.

चौदा महिन्यांत तुझी पत्रं तीन. तिन्ही बाबांच्या औषधांबद्दल, आणि शेवटी 'तब्येतीला जप' एवढं माझ्या वाट्याला. घरचं चालतं सायकलदुरुस्तीचं दुकान सोडून परक्या गावात दुसऱ्याच्या हाताखाली राबतोस, तरी पत्रात एक कडू अक्षर नाही. तुझा हा शहाणपणाचा आव लहानपणापासून माझ्या डोक्यात जातो. आज तो विषय काढणारच आहे.

पत्राला कारण सायकल. तीच, बाबांची. डॉक्टरांनी त्यांना थोडी थोडी चालवायला सांगितली आहे. पण पुढचं चाक दोन पायांत धरणारा तो तुटका चिमटा बदलायला ती दुसऱ्या कुठल्या मेकॅनिककडे न्यायची नाही, आणि तुला तर कळवायचंसुद्धा नाही. "तू कर, मी सांगतो," म्हणाले. जन्मभर ज्यांनी मला दुकानातल्या पान्याला हात लावू दिला नाही, ते! हसायचं असेल तर हसून घे. "तू आपली सुईत दोरा ओवत बस," हे तुझं वाक्य मी विसरलेली नाही.

काल बंद दुकानातून सायकल घरी आणली. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं, खाली रद्दी पसरली, बाबा खुर्चीत आणि मी जमिनीवर. चाक काढलं, ब्रेकची तार सोडली. हँडल गंजून बसलं होतं, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून चांगलं हाणलं तेव्हा कुठे सुटलं. चिमटा खाली ओढला तसे आतले छर्रे खोलीभर पळाले. बाबा म्हणाले, एकही हरवू नकोस. मी टाचण्या उचलायचं माझं लोहचुंबक फिरवलं आणि मिनिटभरात सगळे गोळा केले. तू मात्र गुडघ्यांवर रांगत शोधायचास. इतक्या वर्षांत तुला हे सुचलं नाही याचा मला काल फार आनंद झाला.

तो तेवढ्यापुरताच. नव्या चिमट्याबरोबर तळाचं पोलादी कडं येत नाही, ज्यावर छर्रे फिरतात ते. ते जुन्याचं काढून नव्यावर चढवावं लागतं. तुला हे झोपेतही माहीत असेल, मला काल कळलं. मी पाठ फिरवून, कोपऱ्यात बसून छिन्नीने ते काढू लागले. बाबा म्हणाले, इकडे दे, मी मांडीत धरतो, तू ठोक. मी म्हटलं जमतंय. जमत नव्हतं. मला तो चिमटा त्यांच्या हातात द्यायचा नव्हता, शेवटी द्यावा लागला.

त्याचा एक पाय तुटलेला, एक शाबूत. बाबांनी शाबूत पायावरून डाव्या हाताचा अंगठा वरून खाली फिरवला. मग पुन्हा खालून वर. मी हातोडी घेऊन तशीच उभी.

"हा दोनदा वाकलाय," ते म्हणाले. "आधी मागे वाकला, मग कुणीतरी ओढून पुढे आणला. पुढूनही रंग सुटलाय आणि मागूनही. म्हणून तुटला."

मग ते म्हणाले, "तुझा भाऊ वाकलेला चिमटा सरळ करणार नाही."

मलाही ठाऊक आहे ते. तू बारा वर्षांचा असताना एकदा केला होतास, तेव्हा बाबांनी तुझ्याकडूनच करवतीने त्याचे तुकडे करवून घेतले होते. संध्याकाळपर्यंत तू कापत होतास आणि मी दारातून बघत होते. वाकलेला चिमटा भंगारात जातो, ही या घरातली पहिली शिकवण. फक्त ती मला कुणी दिली नव्हती. मी बघितलं होतं, पण मला वाटलं ती तुला शिक्षा आहे.

आणि काल मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "केला असेल त्याने घाईगडबडीत." चौदा महिन्यांनंतर पुन्हा तेच, जराही न अडखळता. बाबांनी कडं काढून माझ्या हातात ठेवलं.

आता ऐक. त्या गुरुवारी सायकल मी नेली होती, गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायला. तू दोनच दिवस आधी तिचं तेलपाणी केलं होतंस. वळणावर फाटकाच्या खांबाला धडकले. चिमटा मागे गेला, चाक फ्रेमला घासायला लागलं. तुला सांगितलं असतं तर तू बाबांच्या देखत हसला असतास, म्हणून सांगितलं नाही. घरी येऊन चाक काढलं, पडद्याचा लोखंडी पाइप चिमट्यात अडकवला, रंगाला चरा पडू नये म्हणून त्याला अस्तराचं कापड गुंडाळलं आणि सगळं अंग टाकून ओढला. डोळ्यांना अगदी सरळ दिसला. कापडाची चुणी इस्त्रीने मोडावी तसं वाटलं मला. खूप खूश झाले होते मी, दादा. माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

सोमवारी बाबा पडले.

तू घाईत काम उरकतोस हे त्यांच्या कानावर मीच घातलं, हॉस्पिटलात, त्यांच्या हाताला प्लास्टर चढत असताना. पण माझा राग तुझ्यावर आहे, आणि तो का ते तुला कळायलाच हवं. रस्त्यात पडलेली सायकल तू उचललीस तेव्हा चिमट्यावरून असाच अंगठा फिरवला होतास. मग मान वर करून माझ्याकडे बघितलंस. तुला तिथेच कळलं. तरी बाबांनी सगळ्यांदेखत दुकानाची किल्ली मागितली तेव्हा खिशातून काढून दिलीस, एक अवाक्षर न बोलता. कुणी सांगितला होता हा मोठेपणा? मला वाचवायला मी तुझ्याकडे आले होते का? तू तेव्हा ओरडला असतास तर मी रडले असते, भांडले असते, एका दिवसात सगळं निस्तरलं असतं. तू गप्प राहून मला खोटेपणात कोंडून गेलास. रोज बाबांच्या शर्टाची बटणं मी लावते, कारण त्यांना लावता येत नाहीत. रोज.

नव्या चिमट्याची वर हँडलकडे जाणारी नळी लांब होती. बाबांनी आधीच खडूने खूण करून दिली होती, मी ती खुणेच्या वर थोडी सोडून कापली. शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडायची माझ्या हाताची सवय. आता वरचा नट नळीच्या टोकाला टेकतो पण आवळत नाही, आणि हँडल लटलट हलतं. झंपर असतं तर उसवून पुन्हा घातलं असतं. बाबा खुर्चीतून सगळं बघत होते. चूक दाखवली नाही.

या घरातून जाणारं प्रत्येक पत्र आधी बाबांना वाचून दाखवायची पद्धत तुला माहीत आहे. मी आजवर त्यांना तुझ्या नावची पत्रं अर्धी गाळून वाचून दाखवली. हे गाळणार नाही. आत जाते आहे.

दुपार

वाचलं. पाइपाशी आल्यावर म्हणाले, "ते पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. अस्तराच्या कापडासकट.

मग म्हणाले, "त्याला लिही, दुकानाची किल्ली खिळ्यावर आहे." रद्दीवर पडलेला पाना त्यांनी डाव्या हाताने उचलला, पुसला आणि माझा हात पोचणार नाही अशा जागी खुर्चीच्या पलीकडे ठेवला.

तेव्हा ये. नळी कापायची राहिली आहे, ती तू काप. पण आल्या आल्या समजूतदारपणा करू नकोस, माफ तर मुळीच करू नकोस. दारातच, बाबांच्या देखत, माझ्यावर एकदा ओरड. चौदा महिने मी त्याची वाट बघते आहे.

चिमटा सरळ करणारी,
तुझी बहीण