डावा पंख आणि बारा सतराचा मुहूर्त

घाटनांदूर,
ता. १२ जानेवारी २०२५

सौ. वनमालास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य संपवू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या संस्कृतीचं लग्न दोन फेब्रुवारीला धरलंत, आनंद आहे. फक्त शेडमध्ये बांधतोय त्या विमानाचा डावा पंख मी त्याच रविवारी बंद करायचं आधीच ठरवलंय. पंखाचा वरचा अर्धा भाग खालच्यावर एकदाच बसतो. आतल्या तारा, नळ्या, बिजागऱ्या आधी, गोंद शेवटी. गोंद कालवला की पाऊण तासात लावून संपवावा लागतो, आणि ऊन वाढलं की तो डब्यातच दगड होतो. दुसऱ्या बाजूने धरायला बंकट लागतो, त्याचं वेल्डिंगचं दुकान रविवारीच बंद. गावातले लोक विचारतात, विमान उडणार कधी. मी सांगतो, तुमचा रस्ता झाला की लगेच.

भाऊजींना तारीख हलवता येते का, एवढं विचार.

माया आहे तेवढी ठेव. वाढवलीस तर हरकत नाही.

तुझा, मोहनदादा

युसूफ वडगाव,
ता. १६ जानेवारी

ती. दादास वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

तारीख हलवायचं ह्यांना सांगितलं. ते आधी लई हसले, मग म्हणाले, आता विमानाला विचारून मांडव घालायचा का. सहा वर्षं पंख उघडा राहिला, आठ दिवस आणखी राहिला तर त्याला काय सर्दी होणार हाय? नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. तो दुकानात मिळत न्हाई. आणि ही भाची काही दुरून हाक मारणारी न्हाई. दर सुट्टीत तुझ्या शेडमध्ये बसून त्या पंखात तारा कोणी ओवल्या? तू न्हाई आलास तर मला भाऊ होता, असं मी सांगत जाईन.

बंकटभाऊंना नमस्कार. त्यांच्या बायकोची कीव येते.

लोभ करतोसच, थोडा माणसांवरही कर.

तुझी, वनमाला

घाटनांदूर,
ता. २० जानेवारी

सौ. वनमालास आशीर्वाद.

रागावू नकोस, दोन्ही कामं होतील. तुमचा मुहूर्त बारा सतराचा. गेल्या दोन वर्षांत मी चौदा लग्नांना घड्याळ लावून बसलोय. सरासरी उशीर एक तास बावन्न मिनिटं, पुढाऱ्यांचे आशीर्वाद धरून. म्हणजे तुमच्या अक्षता दोन वाजून नऊ मिनिटांनी. मी सकाळी आठला सुरू करतो, साडेअकराला शेवटचा क्लॅम्प आवळून मोटारसायकलवर, एकला मांडवात. तेव्हा नवरदेव वेशीपाशी नाचत असेल. उरलेला एक तास नऊ मिनिटं मी काय करू, तेवढं कळव. बुंदी मोजून देईन.

कामाचा क्रम लावण्यात मी चुकत नाही, हे भाऊजींना वाचून दाखव.

आहे तो जिव्हाळा असाच वेळेवर पोचत राहो.

तुझा, दादा

युसूफ वडगाव,
ता. ५ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार आजच्यापुरता राहू दे. अक्षता बारा सतराला पडल्या. संस्कृतीनंच हट्ट धरला होता, की मामाला उशीर खपत न्हाई, त्याच्यासमोर आपलं हसं नको. नवरदेवाची मिरवणूक सकाळी दहालाच उरकली. ह्यांनी पुढाऱ्यांना हात जोडले, आशीर्वाद जेवणानंतर द्या म्हणाले. दोघं रुसून गेले. बारा दहापर्यंत पोरगी मांडवाच्या तोंडाकडं बघत होती. मग आपल्या चुलतभावाला, शहादेवला, हाताला धरून तिच्या पाठीशी उभा केला. तो गाड्या लावत होता, शिट्टी तशीच गळ्यात. फोटोत शिट्टी लई छान आलीय.

वेळेवर लागलेलं लग्न म्हणून लोक अजून कौतुक करतात. तू असतास तर तुला आवडलं असतं.

पंख नीट चिकटला असेल.

वनमाला

रविवार, ता. ९ फेब्रुवारी

वनमाला,

पंख नीट चिकटला. केसाएवढीही फट नाही.

मी आलो होतो. एकला पाच कमी असताना. माझ्या हिशेबाने पाच मिनिटं लवकर. पहिली पंगत उठत होती. पाण्याच्या पिंपापाशी थबकलो, तर एका पाहुण्याने मला वाढपी समजून पाणी मागितलं. दिलं. मग आणखी चौघांना दिलं. समोर संस्कृती फोटोसाठी बसली होती. कोणीतरी काही बोललं तशी ती हसली आणि लगेच तोंड मिटलं. तिच्यापुढं जायचा धीर झाला नाही. तसाच माघारी आलो. चौदा लग्नं मोजली, पण पोरगी माझ्यासाठी घड्याळ बघेल, हे त्यात धरलंच नव्हतं.

आज बंकट आला होता. हवा गार आहे, उजवा पंख उरकून टाकू म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

शहादेव सांगत होता, संस्कृती परतणीला माहेरी आलीय, उद्या सासरी जाणार. म्हणून हे पत्र पोस्टात टाकलं नाही. तिच्या हातात देऊन मी तुमच्या ओसरीवर बसतो. तुम्ही दोघी सावकाश वाचा, पाहिजे तर परत वाचा. मला आज कुठंच वेळेवर पोचायचं नाही.

दादा